प्रोफेसर केल्फा आणि माझी आजी

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत मराठी हा विषय मी फक्त पास होण्यापुरता केला, बाकी घरात जे बोलतो तेवढंच मला येतं. त्यामुळे मराठी विभागासाठी एखाद्या मोठ्या माणसावर लिही असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी पळच काढणार होते. पण या सेमिस्टरला माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती निस्तरता निस्तरता मी एका माणसाचं चरित्र वाचून काढलं आणि आता ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. माणूस तुमच्या ओळखीचा आहे, निदान नावाने तरी. दादासाहेब फाळके! मला तर दहावीपर्यंत फाळके म्हणजे एक पुरस्कार एवढंच माहीत होतं.

पण आधी माझी भानगड थोडक्यात.

आम्ही वरळीचे, बीडीडी चाळीतले. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी, १६० चौरस फुटांची एकेक खोली. ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात आम्हीही होतो. सगळे खूश, फक्त आजी सोडून. तिला लिफ्टची भीती वाटते, शेजारपाजारचे दारं लावून बसतात, आणि मुख्य म्हणजे उभं राहून बोलायला गॅलरी नाही. म्हणून मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी ठरवलं की आमची जुनी खोली व्हर्च्युअल रिअॅलिटीत परत उभी करायची. खोली सोडण्याआधी मी ढीगभर फोटो काढून ठेवले होते. त्यावरून मोरी, माळा, देव्हारा, आजोबांची खुर्ची असं सगळं मॉडेल तयार झालं. मग आमच्यापैकी एकाच्या डोक्यात आलं, खुर्ची आहे तर आवाज का नको?

आजोबा २०१९ मध्ये गेले. एका लग्नाचा व्हिडिओ आणि पप्पांचा जुना मोबाइल मिळून त्यांचा अकरा मिनिटांचा आवाज निघाला. आवाजाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला एवढा भरपूर होतो. आपण टाइप करायचं, बोलणार आजोबा.

मी काय टाइप केलं? १९८२ च्या गिरणी संपात आजोबांचा पगार बंद झाला तेव्हा आजीने सासूबाईंनी घातलेल्या सोन्याच्या पाटल्या त्यांना न विचारता विकल्या आणि घर चालवलं. आजोबा त्यावर आयुष्यभर एक शब्द बोलले नाहीत. ना रागाचा, ना कौतुकाचा. हे मी पप्पांकडून ऐकलं होतं. डेमो जरा टची व्हावा म्हणून मी आजोबांच्या तोंडी घातलं, की पाटल्या विकल्यास ते बरंच केलंस, माझ्या मनात काही नाही.

आजीने हेडसेट लावला, ऐकलं, काढला. एवढंच विचारलं की हे ते कधी बोलले होते. आणि मी पटकन सांगून मोकळी झाले की जुनी कॅसेट सापडली!

त्या रात्रीपासून आजीला शांत झोप लागायला लागली. दुसऱ्या दिवशी ती एकटी लिफ्टने खाली गेली आणि मैत्रिणींना सांगून आली. झोप उडाली ती माझी.

त्याच आठवड्यात प्रोजेक्ट रिपोर्टमधला इतिहासाचा चॅप्टर माझ्या वाट्याला आला. मी विचार केला, आपल्याकडे खोटं दृश्य खरं वाटायला लावायचं काम मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा कुणी केलं? उत्तर सोपं होतं. लायब्ररीतून चरित्र आणलं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. घर शास्त्री-पंडितांचं. वडील संस्कृत शिकवायला मुंबईच्या विल्सन कॉलेजात आले आणि मुलगा १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छपाई, फोटोग्राफी, मातीचे नमुने असं जे जे दिसेल ते तो शिकत गेला. आजच्या भाषेत एकही ब्रँच न सोडलेला विद्यार्थी! गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला. पण प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल दोन्ही गेले आणि ते गाव सुटलं. बडोद्यात परत धंदा मांडला तर लोकांत अशी समजूत की कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो, आयुष्य कमी करतो. धंदा बसला. म्हणजे यंत्रातून निघालेल्या चेहऱ्याला लोक किती घाबरतात हे या माणसाने अगदी सुरुवातीलाच पाहिलं होतं.

मधल्या काळात त्यांनी चक्क जादूचे प्रयोग केले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली आणि फाळके हे नाव उलटं करून प्रोफेसर केल्फा म्हणून स्टेजवर उभे राहिले. हे वाचून मी जाम हसले. पण नंतर वाटलं, पुढचं सगळं इथेच आहे. जादूगार फसवतो, पण आपण फसवून घ्यायला तिकीट काढून गेलेलो असतो. प्रोफेसर केल्फा पत्ता गायब करतात तेव्हा पत्ता खरोखर हवेत विरला असं समजून कुणी घरी जात नाही.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं, गिरिजा करंदीकर यांच्याशी. लग्नानंतर त्या सरस्वतीबाई झाल्या. फाळक्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडली, छापखाना काढला, दादरला आणला. रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं बघायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारांशी पटेना, तेही सोडलं. वय चाळीस, हातात काम नाही. १९११ मध्ये गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला आणि डोक्यात एकच भरलं, की पडद्यावर असेच आपले राम-कृष्ण का दिसू नयेत? मग सरस्वतीबाईंनाही दाखवायला नेलं. त्यानंतर मिळेल तो सिनेमा बघणं, मिळेल ते पुस्तक वाचणं आणि जेमतेम दोन-तीन तास झोप. इतकं की डोळ्यांना दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली आणि पुन्हा तेच सुरू! आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री जे होतं ते यांचं महिनोन्‌महिने चालू होतं.

विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे स्टुडिओत उभं राहून काम पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला आणि एप्रिलमध्ये परत आले. पण पैसे लावणाऱ्यांना पटवायचं कसं? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून जास्त काळ थोडी थोडी फिल्म घेत राहिले. जोडून दाखवली तेव्हा जेमतेम मिनिटभरात कोंब फुटून वेल वर चढला. 'अंकुराची वाढ' असं त्या फिल्मचं नाव.

मी या वाटाण्यापाशी बराच वेळ अडकले. कारण पडद्यावर दिसतं ते खोटंच आहे, मिनिटात वेल वाढत नाही. पण वाढ खरी आहे. बदललाय तो फक्त वेळ, आणि तो बदललाय हे बघणाऱ्याला कळतंय. उलट माझ्या प्रोजेक्टमध्ये आवाजाची पट्टी अचूक होती, खोकण्याची लकबसुद्धा अचूक, आणि वाक्य मात्र जन्मात कधी बोललं न गेलेलं. तंत्र माझं जास्त चांगलं होतं, वाईट होतं ते बाकीचं.

वाटाण्यामुळे कर्ज मिळालं. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही काढून दिले. (इथे मला आजीच्या पाटल्या आठवल्या.) दादरच्या मथुरा भवनात स्टुडिओ उभा राहिला. तो रस्ता आज दादासाहेब फाळके मार्ग आहे, दादर स्टेशनच्या पूर्वेला. सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायच्या, दिवसा शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. आपल्या ग्रुपमध्ये एकटाच काम करणारा जो एक मेंबर असतो, तशा!

आणि विषय कोणता निवडला? राजा हरिश्चंद्र. स्वप्नात दिलेला शब्दसुद्धा खरा करणारा, आयुष्यात खोटं न बोललेला राजा. आपल्या देशाचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट सत्यवचनी माणसावर आहे आणि त्यातली एकूण एक गोष्ट खोटी आहे. राजवाडा रंगवलेला. देव हवेतून प्रकट होतात ते कॅमेरा थांबवून आणि एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेऊन. तारामती तर बाईच नाही! सिनेमात काम करायला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके आणि रोहिदास म्हणजे फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र.

सिनेमात काम करणं तेव्हा इतकं हलकं समजायचे की मंडळींना घरी काय सांगायचं हा प्रश्न होता. फाळक्यांनी सुचवलं, आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगा. म्हणजे सत्यवचनी राजाच्या नावाने रोज दादरमध्ये घरोघरी थाप! मला हे वाचून आधी मजा वाटली आणि मग माझी कॅसेट आठवली. अशा छोट्या थापा किती पटकन तोंडात येतात.

आणखी एक प्रसंग सांगितला जातो, तो मजेचा नाही. बाहेरगावी शूटिंग चालू असताना भालचंद्र खेळता खेळता पडला, डोक्याला लागून बेशुद्ध झाला. रोहिदासाच्या मृत्यूचा सीन बाकी होता. फाळक्यांनी मुलगा तसाच बेशुद्ध असताना तो सीन उरकला. त्यांच्या जिद्दीचं उदाहरण म्हणून हे सांगतात. मला नाही तसं वाटत. त्या पोराला कुणी विचारलं नव्हतं. साळुंक्यांनी आपण होऊन लुगडं नेसलं, त्यांना माहीत होतं आपण काय करतोय. बेशुद्ध पोराला माहीत नव्हतं. आणि गेलेल्या माणसाला तर विचारताच येत नाही.

असो. सुमारे सात महिने खपून ३७०० फुटांचा चित्रपट तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. चालला, आणि काय चालला! पुढे फाळके नाशिकला गेले. १९१७ मध्ये 'लंकादहन' आला. यात साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. राम पडद्यावर आला की लोक पायातल्या चपला काढायचे, हात जोडायचे.

इथे खरा प्रश्न येतो. हे लोक फसले का? खाणावळीतल्या माणसापुढे त्यांनी हात जोडले की रामापुढे?

मी उत्तर शोधलं ते लालबागमध्ये. गणपतीच्या आधी दोन महिने आपण परळ-लालबागच्या कारखान्यांपुढून जातो. आतमध्ये अर्धवट मूर्ती उघड्यावर उभ्या असतात, डोळे काढायचे बाकी, पोटात काथ्या दिसतोय. सगळ्यांना सगळं दिसतं. तरी चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा झाली की आपण हात जोडतो आणि शेवटी त्याच मूर्तीचं सगळ्यांसमोर विसर्जन करतो. कुणी कुणाला फसवत नाही, कारण काहीच लपवलेलं नसतं. लहानपणी शाळेने वरळीच्या नेहरू तारांगणात नेलं तेव्हा घुमटावर तारे उगवले आणि आम्ही सगळ्या ओरडलो. पण ते आकाश नाही हे आम्हाला ठाऊक होतं, वर बाईंनी मशीनही दाखवलं होतं. म्हणून ते खोटं आकाश बघून आम्ही खरं खगोलशास्त्र शिकलो.

फाळक्यांना हे बरोब्बर कळलं होतं असं मला वाटतं. कारण त्यांनी त्याच काळात 'चित्रपट कसे तयार करतात' अशी एक छोटी फिल्मच काढली. स्वतः त्यात दिसतात, कामं समजावून देतात, फिल्म तपासतात. ज्याचा धंदाच भासावर चालतो तो माणूस भास कसा तयार होतो ते उघड करून दाखवतो! १९१९ च्या 'कालिया मर्दन'ची सुरुवात तर मी दहा वेळा पाहिली. कृष्णाचं काम त्यांच्या छोट्या मुलीने, मंदाकिनीने केलंय. पण कृष्ण लगेच येतच नाही. आधी साध्या वेशातली मंदाकिनी येते, हसते, रागावते, रडते, चेहऱ्यावर एकेक भाव करून दाखवते. मग बघता बघता त्याच मुलीचा कृष्ण होतो. म्हणजे आधीच सांगून टाकलं, ही माझी मुलगी आहे, हिचं काम बघा. आणि तरीही पुढे ती यमुनेच्या डोहात नागाशी झुंजते तेव्हा आपण श्वास रोखतोच.

आज काय चाललंय ते आपण कॉम्प्युटरवाले जास्त जाणतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा एक व्हिडिओ फिरला, त्यात तो एका गेमिंग अॅपची जाहिरात करत होता. चेहरा त्याचा, आवाज त्याचा, आणि त्याने ते कधी केलंच नव्हतं. शेवटी त्यालाच जाहीर सांगावं लागलं की हा मी नाही. त्या व्हिडिओत फाळक्यांपेक्षा हजारपट जास्त तंत्र आहे. मूकपटात हाताने हँडल फिरवून सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं जायची, आपल्या हेडसेटमध्ये नव्वद जातात. पण त्यात मंदाकिनीचा तो पहिला सीन नाही. कुणी सांगत नाही की हे केलेलं आहे. उलट ते लपलं तरच धंदा होतो.

मी माझ्या वहीत तीन प्रश्न लिहिले. बघणाऱ्याला माहीत आहे का, की हे केलेलं आहे? ज्याचा चेहरा किंवा आवाज वापरला त्याला विचारलं का? आणि कसं केलं हे विचारलं तर आपण दाखवू शकतो का? फाळके एक-दोनदा यात नापास होतात, पण बहुतेक वेळा पास. मी तिन्हीत नापास. आजी त्या वाक्याने सुखी झाली, मग काय बिघडलं, असं माझे ग्रुपवाले म्हणाले. मीही आठवडाभर स्वतःला तेच सांगत होते. पण वाईट फसवणूक आणि चांगली फसवणूक बाहेरून सारखीच दिसते. आज मी आजोबांच्या आवाजात तिला धीर दिला, उद्या दुसरा कुणी माझ्या आवाजात तिच्याकडे पैसे मागेल, आणि तिला फरक कळणार नाही.

फाळक्यांचा शेवट सुखाचा झाला नाही. कंपनीत भागीदारांशी वाद झाले, रागावून ते काशीला गेले, परत आले. बोलपट आले आणि त्यांचं तंत्र जुनं ठरलं. कोल्हापुरात १९३७ मध्ये 'गंगावतरण' केला, तोच त्यांचा शेवटचा चित्रपट. एकूण ९५ च्या आसपास चित्रपट आणि २७ लघुपट असा त्यांचा हिशोब दिला जातो. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले तेव्हा त्यांच्याकडे पैसाही नव्हता आणि फारसं कुणी लक्षही देत नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये.

आता माझं राहिलं. एका रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन आजीशेजारी बसले आणि तिच्यासमोर टाइप केलं, की आज भाजी खारट झाली. आजोबांनी तसं म्हणून दाखवलं. मग तिलाच विचारलं, अजून काय लिहू? ती सगळं समजली. काही न बोलता उठली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने विचारलं, म्हणजे ते कधीच तसं बोलले नव्हते? मी नाही म्हटलं. मग ती म्हणाली की आमच्या दोघांत जे राहून गेलं ते राहू दे, त्यांच्या वतीने उत्तर द्यायला तू कोण?

आवाज आम्ही काढून टाकला. खोली ठेवली. सुरुवातीला पाटी येते, की ही खोली आम्ही फोटोंवरून तयार केली आहे. परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं की अॅब्स्ट्रॅक्टमध्ये लिहिलेला आवाज कुठे आहे. मी खरं ते सांगितलं. दोन मार्क गेले.

आजी अधूनमधून हेडसेट लावून खोलीत जाऊन येते आणि मोरीचा नळ चुकीच्या बाजूला लावलाय म्हणून मला बोलते. झोपेचं म्हणाल तर ती परत उडाली आहे. पहाटे तीनला ती उठून बसते, तेव्हा मीही कधीकधी उठते, चहा टाकते, आणि ती मला संपाच्या दिवसांबद्दल सांगते. पाटल्या कोणत्या सराफाला विकल्या, त्याने किती दिले, ते पैसे किती दिवस पुरले. हे मला पप्पांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनाही माहीत नव्हतं.